खोडलेला ‘ले’

लोणार,
गुरुवार, २१ डिसेंबर १९६१

रेव्हरंड वामनराव यांस शालिनीचा सलाम.

सहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून आनंदून जाऊ नका. हे समेटाचं पत्र नाही. माझ्या शाळेतली तीन मुलं काल पहाटेपासून बेपत्ता आहेत, आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांची नावं सांगते, म्हणजे प्रार्थनेत नेमकी घेता येतील. शांतवन, वय सतरा. त्याची बहीण तबीथा, पंधरा. दोघांना आईबाप नाहीत, पाळण्यात होती तेव्हापासून आमच्याच वसतिगृहात वाढली. तिसरी द्वारका, तीही पंधराची, गावातल्या किसनरावांची मुलगी. किसनराव माळवं पिकवतात, तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा मळा आहे. द्वारका शाळा सुटली की घरी जाते, पण तबीथाशी तिची गट्टी. हिंदू घरातली मुलगी आहे, हे दोनदा वाचा.

काल प्रार्थनेच्या घंटेला तिघांचाही पत्ता नव्हता. माझ्या टेबलावर हजेरीच्या वहीखाली द्वारकाच्या अक्षरातली चिठ्ठी होती. त्यात लिहिलंय, ‘बाई, आम्ही तळ्यात बुडी घ्यायला चाललो. लवकर येतो. रागावू नका.’

बुडी घ्यायला! आता कळलं मी तुम्हाला का लिहितेय? ‘पाण्यात पुरतं बुडाल्याशिवाय बाप्तिस्मा खरा नव्हे’ असं सांगणारी तुमची बारा पानांची पुस्तिका काल शांतवनच्या पेटीत, सदऱ्याच्या घडीत सापडली. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ती पोस्टाने मला पाठवली होती. त्यात शुद्धलेखनाच्या सतरा चुका आहेत, ते असो. ती मुलाच्या हाती कशी लागली याचा तपास मी करतेच आहे. पण बाबांनी आयुष्यभर तीन थेंब शिंपडून माणसं प्रभूची केली, आणि त्यांच्याच मुलाने लिहिलेलं वाचून माझी मुलं खाऱ्या तळ्यात उतरली, हे तुमच्या मनाला जरा तरी लागू द्या.

तुम्ही इथलं तळं पाहिलेलं नाही. गावातून बरंच खाली उतरावं लागतं, मग झाडीतून वाट. पाणी हिरवट, खारं, वाईट वासाचं. त्यात मासा जगत नाही. काठाचा चिखल असा की म्हैस रुतली तर चार माणसं लागतात. इथला कोणी त्यात पोहत नाही. काल दुपारी त्या वाटेवर शांतवनची एक चप्पल मिळाली, अंगठा तुटलेली. एकच.

फौजदारांना जबाब दिला. चिठ्ठीची मी स्वच्छ नक्कल करून दिली, मूळ कागद माझ्याकडे आहे. मेहकरहून पैनगंगेवरचे भोई बोलावले आहेत, ते उद्या गळ टाकतील. मी दिवसभर काठावर उभी होते. वसतिगृहाचा स्वयंपाकही हल्ली मलाच बघावा लागतो. म्हातारी केसरबाई ऑगस्टपासून नाही, पण तो विषय वेगळा.

प्रार्थना करा. आईला यातलं काही सांगू नका.

शालिनी नारायणराव


लोणार,
शुक्रवार, २२ डिसेंबर

वामनराव,

कालचं पत्र पोस्टात पडलं आणि तुमचं उत्तर येण्याआधीच दुसरं लिहायला बसले. दुसरं कोणाशी बोलू? इथे मी बाई आहे. बाई रडत नाही, बाईला ताप येत नाही, बाईचं अक्षर हलत नाही. तुम्ही मला परकरात पाहिलं आहे, म्हणून तुम्हाला लिहिते.

आज भोयांनी दिवसभर गळ टाकले. काही लागलं नाही. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ‘बाई, हे पानी आमच्या ओयखीचं नाई.’

दुपारी शाळेच्या फाटकाशी शंभरेक माणसं जमली. तीन दिवस सगळं गाव हॉटेलातल्या रेडिओला कान लावून गोव्याच्या बातम्या ऐकत होतं, आज ते कोंडाळं उठून आमच्या दारात आलं. पुढे किसनराव. भला माणूस आहे तो. दर शनिवारी वसतिगृहाच्या पोरांना म्हणून वांगी टाकून जातो. आज त्याने फाटकाची सळई दोन्ही हातांनी धरली होती.

‘बाई, माही पोर तुमच्याकडे चार अक्षरं शिकाले धाडली होती. तुमी तिले धरम बदलाले तळ्यात घातली का? सांगा!’

मी म्हटलं, मला काही माहीत नव्हतं.

‘माईत नव्हतं? मंग चिठ्ठीत तळं कसं आलं? फौजदार साहेबानं वाचून दाखोलं आमाले!’

मागून कोणी ओरडलं, सोमवारी शाळेला कुलूप लावू. सोमवारी नाताळ आहे. फौजदारांनी लोकांना कसंबसं मागे सारलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, रविवारपर्यंत काही निघालं नाही तर माझं नाव घालून वर कागद पाठवावा लागेल. मी म्हटलं, अवश्य पाठवा, फक्त माझं आडनाव बरोबर लिहा. बाबांची मुलगी आहे मी, दुसरं काय बोलणार.

आत आले तर लहान मुली जेवायला बसेनात. त्यातली एक मला म्हणते, ‘केसरमाय असती तं पोट्टे गेलेच नसते.’ मी तिला ‘पोट्टे’ नव्हे, ‘मुलं’ म्हण, असं सांगितलं. सवयीने सांगून गेले. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला ताट तसंच टाकून उठावं लागलं.

केसरबाईचं तुम्हाला सांगते, आता लपवून काय करू. ती वसतिगृहाची स्वयंपाकीण. मोठ्या दुष्काळात सहा वर्षांची पोर मिशनच्या दारात आली, ती इथेच राहिली, इथेच म्हातारी झाली. शांतवन आणि तबीथाला तिनेच भरवलं, तिनेच न्हाऊ घातलं. ऑगस्टात मी तिला काढलं. म्हणजे विश्रांती दिली, असं समितीच्या अहवालात लिहिलंय. डोळ्यांना कमी दिसतं, भाकरी करपते, ही कारणं दिली. खरं कारण निराळं होतं. ती उपासनेत मध्येच जात्यावरच्या ओव्या म्हणायची, वऱ्हाडीत. येशूला ‘लेकरू’ म्हणायची. पुण्याहून पाहुणे आले होते, ते हसले. मला ते सहन झालं नाही. आता ती नांदुऱ्याला असते, तिचा मानलेला भाचा जानराव तिथे स्टेशनावर हमाल आहे.

महिन्याभरापूर्वी शांतवन माझ्याकडे आला होता. नाताळात पाळणा म्हणायचा, म्हणून केसरमायला बोलवा, असं म्हणत होता. दरवर्षी ती येशूबाळाचा पाळणा म्हणते, तो पुरा फक्त तिलाच येतो. मी नाही म्हटलं. यंदा नाटक शुद्ध भाषेत आणि गीतं छापील पुस्तकातली, असं मी ठरवलं होतं. तो तसाच निघून गेला.

वामनराव, तुम्ही पाद्री आहात, म्हणून विचारते. मूल समजून उमजून नाही, नुसतं कोणाचं तरी वाचून पाण्यात उतरलं आणि वर आलं नाही, तर देव त्याचा हिशेब कोणाकडे मागतो? लिहिणाऱ्याकडे, की ज्या बाईच्या टेबलाच्या खणात ती पुस्तिका दोन वर्षं न जाळता पडून होती तिच्याकडे?

आई कशी आहे हे मी विचारत नाही.

शालिनी


लोणार,
शनिवार, २३ डिसेंबर

दादा,

मुलं जिवंत आहेत!

तीनदा लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. मुलं जिवंत आहेत, सुखरूप आहेत, आणि पाण्याच्या जवळपासही गेलेली नाहीत. तू निर्दोष आहेस. तुझी पुस्तिकाही निर्दोष आहे, सतरा चुका सोडून. दोषी मी आहे. आता नीट बसून वाच.

सकाळी द्वारकाची आई आली, विमलबाई. एकटीच. तीन दिवस ती घराबाहेर पडली नव्हती. मला वाटलं, आता ही माझ्या नावाने बोटं मोडणार. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘बाई, मले वाचता येत नाई. पन मले माह्या पोरीची चिठ्ठी आयकाची हाय. वाचून दाखवा.’

मी नक्कल तोंडपाठ म्हणून दाखवली. आम्ही तळ्यात बुडी घ्यायला चाललो, लवकर येतो, रागावू नका.

तिने मान हलवली. ‘नाई. माही पोर असं बोलतच नाई. हे तुमचं बोलनं झालं. तिनं जसं लेहलं तसं वाचा.’

मला राग आला. मी बायबलातून मूळ कागद काढला आणि तिच्यापुढे धरला, म्हणजे तिला वाचता येत नाही हे त्या क्षणी मी विसरले. मग वाचू लागले. आणि दादा, वाचता वाचता माझी जीभ अडखळली. कारण त्या कागदावर माझी लाल शाई होती.

सांगते. बुधवारी चिठ्ठी हाती आली तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल? मुलं गेली होती, आणि माझ्या हातात लाल पेन होतं. वाचता वाचता मी ती तपासली. हसू नकोस. पंचवीस वर्षं हेच करतेय. ‘आमी’चं ‘आम्ही’ केलं. ‘रागाऊ’चं ‘रागावू’ केलं. ‘घ्याले’चं ‘घ्यायला’ केलं. आणि एका शब्दाला जोडलेला ‘ले’ खोडला, कारण इथली मुलं जिथे नको तिथे ‘ले’ लावतात, असं माझं पक्कं मत. शाई फिकी होती, खालचं पेन्सिलीचं स्पष्ट दिसत होतं.

मी मूळ शब्द वाचले. ‘बाई, आमी बुडीले घ्याले चाललो. लवकर येतो. रागाऊ नका.’

विमलबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून अशी हसली, अशी हसली की वर्गातल्या मुली खिडकीशी धावल्या.

‘अवं बाई! बुडीले! बुडीले घ्याले! म्हतारीले आनाले गेले वं पोट्टे! आमच्यात म्हतारीले बुडी म्हनते. मायलेबी बुडी म्हनते. मी माह्या सासूले बुडी म्हनतो, द्वारकी मले बुडी म्हनते! तळं कुठं हाय याच्यात?’

तळं कुठेच नव्हतं. हे मला लिहायला जड जातंय, पण लिहिते. ‘तळ्यात’ हा शब्द चिठ्ठीत नव्हता. नक्कल करताना तो मी घातला, वाक्य पुरं व्हावं म्हणून. तुझी पुस्तिका पेटीत सापडली होती, ‘बुडी’ शब्द समोर होता, गावाखाली तळं होतं. मला खात्रीच होती. गुरुवारच्या पत्रात तुलाही मी तोच शब्द घालून लिहिलं, आणि त्या शब्दावर तुला दोषी धरलं. एक ‘ले’ खोडला आणि एक ‘तळ्यात’ घातला, आणि चार दिवस एका आईला पोर मेलेलं दाखवलं.

‘पन कोनच्या बुडीले?’ विमलबाईने विचारलं, आणि विचारता विचारता तिलाच उमगलं. ‘केसरमायले! नाताळ आला नं तुमचा!’

मी धावत जाऊन पुस्तिका आणली. शांतवनच्या पेटीत ती मिळाली तेव्हा मी मलपृष्ठावर आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने काही खरडलेलं पाहिलं होतं. वऱ्हाडीत होतं, म्हणून वाचलं नव्हतं. आता वाचलं. पाळण्याची कडवी होती. पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं. तिसऱ्याच्या जागी लिहिलं होतं, ‘हे बुडीले इचारनं.’ बाप्तिस्म्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कोरे समास मोठे होते, म्हणून त्याने माझ्या खणातून पुस्तिका उचलली होती.

मी त्याच पावली फौजदारांकडे गेले. विमलबाई बरोबर आली. त्यांनी मूळ चिठ्ठी मोठ्याने वाचली, एकदा, दोनदा. ते अकोल्याकडचे आहेत. वाचून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, ‘बाई, मले हा कागद बुधवारीच दाखवला असता तं भोई कायले बलावले असते?’ मग सगळी चक्रं फिरली. तोवर गाड्यांची चौकशी कोणी केलीच नव्हती, सगळे तळ्यावर. मेहकरच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, तीन पोरं बुधवारी सुलतानपूरला चढली, पायी चालत आलेली दिसत होती. इथे चढली असती तर कोणीतरी मला सांगितलं असतं, हे मुलांना माहीत होतं. शांतवनची चप्पल विचारशील, तर ती तुटली म्हणून त्याने पंधरा दिवसांपूर्वी फेकली होती. वर्गातल्या मुलाने सांगितलं. तेही कोणी विचारलं नव्हतं.

नांदुऱ्याच्या स्टेशन मास्तरांना तार केली. दिवे लागायच्या आत उत्तर आलं. ‘तिघे जानरावकडे सुखरूप. उद्या दुपारी पोचतात.’

विमलबाईने तार हातात धरली, उलटीच धरली, आणि ती पोटाशी घेऊन बसली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. दोघी रडलो. बाई रडली, आख्ख्या गावासमोर रडली, लिही कुठेतरी!

आधीची दोन पत्रं जाळू नकोस. लाल शाई घे आणि माझ्या चुका काढ.

शालू


लोणार,
मंगळवार, २६ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझी तार आज सकाळी मिळाली. ‘निघू का’ असं विचारलंस. निघू नकोस, का ते खाली येईलच. आधी रविवार.

दुपारच्या गाडीला सगळं गाव स्टँडवर. शुक्रवारी जे फाटकाशी होते तेच. हॉटेलवाल्याने रेडिओ बंद केला होता. किसनराव सगळ्यांच्या पुढे, हाताची घडी घालून. त्याच्या मुलीचा जीव वाचला होता, पण नाव वाचलं नव्हतं. गावात अजून कुजबुज होतीच की बाईंनी काहीतरी झाकलंय. आणि मी झाकलंच होतं. मला ठाऊक होतं की आज गावासमोर काय ते बोलावं लागेल.

गाडी थांबली. आधी द्वारका उतरली आणि बापाला बघून जागीच थिजली. किसनरावाने हात उचलला, मला वाटलं आता मारतो; त्याने तो तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग तबीथा. मग शांतवन, आणि त्याच्या हाताला धरून केसरबाई. नऊवारी हिरवं लुगडं, हातात पितळी डबा. चार महिन्यांत फार वाळली आहे.

तिला मी दिसले नाही, पण माझा वास येतो बहुतेक तिला. ती थेट माझ्यासमोर येऊन थांबली. म्हणाली, ‘बाई, हे पोट्टे बुधवारी आले. म्या म्हनलं, बाईनं बलावल्याबिगर मी येत नाई. तीन दिस नाईच म्हनलं. मंग हा शांतवन म्हने, बाईनंच धाडलं आमाले. खरं सांगा. तुमी मले बलावलं का हे पोट्टं खोटं बोलून राह्यलं?’

दादा, शांतवन जमिनीकडे बघत होता. तो सतरा वर्षांचा मुलगा, ज्याने माझ्या नावावर खोटं सांगून एक म्हातारी तिच्या घरी आणली होती. मी खरं बोलले असते तर तो खोटा ठरला असता, आणि ती त्याच गाडीने परत गेली असती. पाद्र्याची मुलगी आहे मी. सरळ खोटं बोलले, आणि त्यांच्याच भाषेत बोलले.

‘हाव, केसरमाय. मीच बलावलं तुमाले.’

आजवर मी तिला ‘ए केसर’ म्हणत आले होते.

ती म्हणाली, ‘मंग ठीक हाय.’ आणि डबा माझ्या हातात दिला. आत करंज्या होत्या.

मग मी लोकांकडे वळले. म्हटलं, ऐका. चिठ्ठीत तळं नव्हतं. ते मी घातलं. पोरीने ‘बुडीले’ लिहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं. मी त्यातला ‘ले’ खोडला. मला तुमची बोली कळली नाही, आणि कळत नाही हेही मला कळलं नाही. किसनराव, तुमच्या मुलीला धर्म बदलायला कोणी कुठे नेलं नाही. ती मैत्रिणीच्या म्हातारीला आणायला गेली होती. चूक माझी आहे, काय शिक्षा द्यायची ती द्या.

मग मागून विमलबाईचा आवाज आला, ‘शिक्षा म्हंजे काय? बाईले शंभर वेळा बुडीले लेहाले लावा!’

काय हसलं गाव! किसनराव हसला, फौजदार हसले, भोयांची बैलगाडी घेऊन मेहकरला परत निघालेला म्हातारा थांबून हसला. मला कोणी असं हसलं तर एरवी मी आठ दिवस बोलत नाही. परवा मीही हसले, आणि पोटात दुखेपर्यंत हसले.

शांतवनला काल संध्याकाळी मी शिक्षा केली. न सांगता गेला, लहान मुलींना काळजीत टाकलं, खोटं बोलला. शिक्षा अशी की पाळण्याची सगळी कडवी त्याने वहीत उतरवायची, केसरमाय सांगेल तशी, एकही अक्षर न सुधारता. आणि दुसऱ्या मुलांच्या माघारी त्याला सांगितलं की तुझं ते खोटं मी खरं करून घेतलंय, ते पुन्हा जमणार नाही.

नाताळच्या उपासनेला जागा पुरली नाही. किसनराव वांग्यांची पाटी घेऊन आला आणि बायकोसकट मागच्या बाकावर बसला. छापील गीतं झाली. माझं शुद्ध भाषेतलं नाटक झालं, दोन मेंढपाळ संवाद विसरले. मग केसरमाय पुढे येऊन जमिनीवर बसली, पाळण्याच्या दोरीला हात घातला आणि सुरू केलं. पहिलं, दुसरं. मग शांतवनला न आठवलेलं तिसरं.

‘तिसऱ्या दिशी बुडी आली दारी,
बिनबलावली, हात रिते भारी,
मरिया म्हने, माय, ये वं घरी,
जो बाळा, जो जो रे जो.’

गावातल्या सगळ्या बायकांनी शेवटची ओळ धरली. हिंदू काय, ख्रिस्ती काय, पाळणा कुणाला येत नाही? दादा, मी बावीस वर्षं इथे आहे आणि हे कडवं मी दरवर्षी ऐकत आले असणार. त्यात ‘बुडी’ होती. मी ऐकलंच नव्हतं. मी ‘दिशी’ चुकलंय, ‘दिवशी’ हवं, असं मनात म्हणत बसले असणार.

आता माझं आणि तुझं.

सहा वर्षांपूर्वी तू पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलास, ते मी पचवलं असतं. पण बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि आई, अडुसष्ट वर्षांची, तुझ्या मागून नदीत उतरली. बाबांचे तीन थेंब तिने पुसून टाकले, असं मला वाटलं. मी म्हटलं, आता मला आई नाही. तू समेटाचं पत्र लिहिलंस, ते मी लाल शाईने तपासून परत पाठवलं. आईची दर नाताळची पत्रं आली, ती उघडली नाहीत. तुझं पत्र दुरुस्त करून पाठवलं तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

काल उपासनेनंतर आईची पाचही पत्रं उघडली. एकातही दोन ओळींपेक्षा जास्त नाही. सगळ्यांत एकच, ‘शालू, नाताळाला ये. करंज्या ठेवल्या आहेत.’ शेवटच्यात ‘ठेवल्या’मधला ‘व’ गळला आहे. डोळ्यांना कमी दिसत असेल. मी ती चूक सुधारली नाही. त्या शब्दावर बोट ठेवून बसले, बराच वेळ.

शिंपडण्याच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, ते तू मनात आणू नकोस. त्यावर आपण भांडू, जेवताना भांडू, आईसमोर भांडू. पण भांडायला एका घरात असावं लागतं. ती नदीत उतरली तेव्हा माझ्यापासून दूर गेली असं मी धरून बसले होते. खरं तर ती काठावर उभी राहून मला हाक मारत होती, पाच वर्षं, आणि मी शब्दातलं व्याकरण बघत होते.

केसरमायला सांगितलं, मी आठ दिवस बाहेर जाते, वसतिगृह तुमच्या हाती. ती म्हणाली, ‘जा. आन घेऊनच या.’ शांतवन विचारत होता कुठे जाणार. त्याला आणि तबीथाला सांगितलं, दोघं हसली, आणि तबीथा म्हणाली, बाई, आता तुमची चिठ्ठी टेबलावर ठेवून जा, आम्ही तपासतो.

म्हणून तू येऊ नकोस. मी सोमवारी, एक तारखेला, सकाळच्या गाडीने निघते. आईला आताच सांग, करंज्या संपवू नकोस म्हणावं. तिला आठ दिवस इकडे आणणार आहे, तळं दाखवणार आहे, काठावरूनच. आणि तिने विचारलं शालू कशाला येतेय, तर हे वाचून दाखव. जसं लिहिलंय तसंच वाच, एकही अक्षर सुधारू नकोस.

मी येऊन राह्यली, दादा. बुडीले घ्याले.

तुझी,
शालू